पाण्याबाहेर राहिलेला हात

सकाळपासून टेलरबाईने एकच शिवण दोनदा घातली आणि दोनदा उसवली. मशीनचं पायडल मारायचं, चार टाके पडले की थांबायचं, उठून खिडकीशी जायचं, चढावरच्या रस्त्याकडे बघायचं, परत येऊन बसायचं. केलेल्या चहावर साय धरली. कात्री हातात घेऊन ती कात्रीच शोधत होती. पायाला भिंगरी लागते म्हणतात ती हीच, आणि तीही एवढ्याशा खोलीत, जिथे दोन पावलं टाकली की कपाट आडवं येतं.

कारणही तसंच होतं. येत्या रविवारी गावातल्या दोन बाप्टिस्ट मंडळ्या एक व्हायच्या होत्या. बाकी सगळं जुळलं होतं. मध्ये आडवा येत होता तो फक्त टेलरबाईचा डावा हात.

हसू येण्यासारखंच आहे, पण बाप्टिस्ट माणसाचं एक असतं. तान्ह्या पोराच्या कपाळावर चार थेंब शिंपडले की बाप्तिस्मा झाला, हे त्याला पटत नाही. माणूस जाणता व्हावा, आपल्या तोंडाने साक्ष द्यावी, आणि मग अख्खाच्या अख्खा पाण्याखाली जाऊन वर यावा. जुना मेला, नवा उठला. दुसरं असं, की या मंडळीच्या डोक्यावर कोणी मोठा साहेब नाही. जे काय ठरायचं ते सभासदांनी हात वर करून ठरवायचं. आणि एकदा हात वर करायची मुभा दिली, की माणसं कशाकशावर हात वर करतील याला काही सुमार राहत नाही.

एक विहीर खणणारा या गावात विहीर खणायला आला, पाणी लागेना म्हणून थांबला, आणि थांबला तो संध्याकाळी लोकांना शास्त्र वाचून दाखवू लागला, अशी या मंडळीची सुरुवात. धान्याच्या कोठारात लोक जमायचे. पुढे चर्च बांधलं. मग बाकांना पाठ असावी का यावर भांडण झालं. शेगडी बायकांच्या बाजूला ठेवायची की पुरुषांच्या यावर झालं. पेटी वाजवावी की नुसत्या गळ्याने गावं यावर तर दोन हिवाळे भांडण चाललं. दर वेळी हात वर झाले आणि मिटलं. मिटलं नाही ते एकच.

दुपारी पाळक सायकलवरून आले. तरुण होते, आणि दोन्ही मंडळ्यांना मिळून एकच होते. सकाळी चढावरच्या वरच्या मंडळीत सांगितलेलं प्रवचन ते सायकल मारत येऊन तळ्याकाठच्या खालच्या मंडळीत पुन्हा सांगायचे. खालचे म्हणायचे आम्हाला शिळं मिळतं, वरचे म्हणायचे हा आमच्यावर सराव करतो. माणूस गरीब स्वभावाचा, दोन्ही ऐकून घ्यायचा. एकत्र येण्याच्या उपासनेत वाचायला म्हणून त्यांनी मंडळीचा इतिहास लिहून आणला होता.

"ऐका मावशी," ते स्टुलावर टेकत म्हणाले. "'पुढे बाप्तिस्म्याच्या विधीसंबंधी सभासदांमध्ये मतभेद उद्भवले व काही बंधुभगिनींनी वेगळी उपासना सुरू केली.' बरोबर आहे ना?"

"मतभेद कसले रे बाबा," टेलरबाई म्हणाली, "माझा हात होता."

पाळक ओशाळले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि उगाच मशीनच्या चाकावर बोट फिरवलं. "त्याबद्दलच आलो होतो. काटकोनसाहेब सगळ्याला तयार झालेत. पेटी चालेल म्हणाले. तुमच्याकडची गाण्याची पुस्तकं चालतील म्हणाले. फक्त…"

"अर्धवट बाप्तिस्म्याचं माणूस प्रभुभोजनाला बसवणार नाही म्हणाले असतील."

"पुन्हा एकदा पाण्यात उतरलात, तर विषय संपला, असं म्हणाले."

काटकोन म्हणजे वरच्या मंडळीचा पुढारी, त्यांच्यात मुख्य वडील म्हणतात तो, धंद्याने गवंडी. भिंत असो की माणूस, ओळंब्याच्या दोरीला लागून नसला की त्याचं डोकं दुखायचं. त्याचा बापही गवंडीच होता आणि तोही असाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर पीळ वारसाहक्काने आलेला.

पाळक गेले. टेलरबाईने मशीनला हात लावला नाही.

हाताचं ते घडलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि धाकटी बहीण सोळाची. दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, तळ्यात. जुने पाळक कमरेपर्यंत पाण्यात उभे, अंगाने चांगले आडवे. त्यांच्यासमोर थोरली, आणि त्यांच्या पाठीआड, पाळी यायची वाट बघत धाकटी. धाकटीला लहानपणापासून पाण्याची भीती. ती नुसती थरथरत होती. पळून जाईल आता, असं थोरलीला वाटलं, म्हणून तिने पाळकांच्या मागून डावा हात नेऊन तिचा हात धरला. पाळकांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि थोरलीला पाण्याखाली घातलं. धाकटीने हात सोडला नाही. थोरलीनेही सोडवून घेतला नाही.

काठावरून जुन्या गवंड्याला, म्हणजे काटकोनच्या बापाला, धाकटी दिसतच नव्हती, पाळकांचं अंग मध्ये होतं. त्याला दिसला तो नुसता एक हात, मनगट पाण्याबाहेर, बोटं पाळकांच्या आड. तो ओरडला, "हात राहिला!"

"माणूस गेलं की हात काय मागे राहतो होय?" पाळक म्हणाले.

"अख्खं म्हणजे अख्खं," जुना गवंडी म्हणाला. "पुन्हा घाला."

थोरली पाणी निथळत उभी होती. ती म्हणाली, "एकदा मेलेलं माणूस पुन्हा मरत नाही." आणि काठावर चढली. तिच्यामागून धाकटीचा बाप्तिस्मा झाला, नखशिखान्त, बिनतक्रार.

तेव्हा थोरलीने एक शब्द बोलायचा अवकाश होता, वाद मिटला असता, पण ती तो बोलली असती तर जुन्या गवंड्याने धाकटीलाच घरी पाठवलं असतं. पाण्याला भिणाऱ्याचा विश्वास कच्चा, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. म्हणून थोरली गप्प राहिली. धाकटीही गप्प राहिली. पुढच्या सभेत हात वर झाले ते निम्मे इकडे, निम्मे तिकडे. जुन्या गवंड्याने आपली माणसं घेऊन चढावर दुसरं चर्च बांधलं आणि त्यात व्यासपीठाखाली असा हौद बांधला की उंचातल्या उंच माणसाचं बोटसुद्धा बाहेर राहू नये. वर्षभराने धाकटी त्याच्याच थोरल्या मुलाला दिली. आता ती कुठल्या तोंडाने बोलणार? दर रविवारी चढावर बसून तिने आपल्या बहिणीच्या हातावरची प्रवचनं ऐकली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

आणि टेलरबाई? तिने संसार केला तो मशीनशी. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे तीच शिवायची, वरच्यांचेही आणि खालच्यांचेही. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालून शिवावा लागतो, आणि ते कसब तिच्याच हाताला होतं. म्हणजे बघा, वरची सगळी मंडळी तिने शिवलेल्या झग्यात बुडून पवित्र झाली, आणि ती मात्र अर्धवट. या विनोदावर ती स्वतःच कधीकधी मशीनवर बसून हसायची. पण रागही होता, आणि तो मुरत गेला होता. मी का सांगू, असं तिचं म्हणणं. धरला तिने होता, तिने सांगावं.

आता घाई होती ती वेगळीच. धाकटी विधवा झाली होती, गुडघ्यांनी बसली होती, आणि तिचा मुलगा येत्या आठवड्यात तिला कायमची आपल्याकडे घेऊन जाणार होता, खूप दूर. या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळी, प्रभूच्या आठवणीसाठी मोडलेल्या भाकरीचं ताट बाकावरून बाकावर हातोहात जातं. शेजारचा शेजारच्याला देतो. लहानपणी दोघी शेवटच्या बाकावर बसून ते ताट पुढे सरकताना बघायच्या, आपली पाळी कधी येईल म्हणून. मोठ्या झाल्या, आणि एका बाकावर बसायची सोयच राहिली नाही. रविवार हा पहिला होता आणि शेवटचा. टेलरबाईला तो हवा होता. इतका हवा होता की तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती कोटाची मापं बघायला चढ चढून धाकटीकडे गेली. प्रवासासाठी तो जाड लोकरीचा कोट तिनेच शिवायला घेतला होता. धाकटी आरशासमोर काठी टेकून उभी राहिली. टेलरबाई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होती. दोघी बाह्यांच्या लांबीबद्दल बोलल्या. मुलाकडच्या थंडीबद्दल बोलल्या. सामानाच्या पेट्यांबद्दल बोलल्या. एक टाचणी टोचता टोचता टेलरबाई थांबली.

"तुझा दीर म्हणतोय मी पुन्हा बुडावं."

"ऐकलं मी." धाकटी वरच्या बटणाशी चाळा करत राहिली.

"मग? तुझं काय म्हणणं?"

धाकटीने आरशात बघितलं नाही. "घे ना बुडून, ताई. नाहीतरी वाद कशाला आता? पाणीच तर आहे."

टेलरबाईने टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. अस्तर दोन दिवसांत होईल म्हणाली आणि निघाली. उतारावर तिचे पाय झपाझप पडत होते आणि ती मोठ्याने बोलत होती; समोरून येणाऱ्या दूधवाल्याने सायकल बाजूला घेतली. "पाणीच तर आहे! कोण सांगतंय बघा! आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतला तर किंचाळणारी ही, आणि मला सांगते पाणीच तर आहे!"

घरी येऊन तिने ठरवलं, जायचंच नाही. भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. अंथरुणावर पडली, उठली. खालच्या मंडळीतल्या दोघीतिघी सांगून गेल्या होत्या की तू हट्ट सोडू नकोस, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. त्यांचं काय जातं? त्यांच्या बहिणी त्यांच्याच बाकावर बसत होत्या. पुन्हा बुडायचं म्हणजे त्या दिवशीचं खोटं म्हणायचं, आणि त्या दिवसाइतकं खरं तिच्या आयुष्यात दुसरं काही घडलं नव्हतं. पण न बुडावं तर बाक गेला. या कुशीवरून त्या कुशीवर करत तिने दोन्ही बाजू इतक्या वेळा तोलल्या की शेवटी तिला स्वतःचाच कंटाळा आला.

मग तिने पांढरं कापड काढलं आणि स्वतःच्या मापाचा झगा बेतला. स्वतःसाठी झगा शिवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. खालच्या दुमडीत शिसं घातलं. मग डाव्या बाहीच्या टोकाची शिवण उसवली आणि तिच्यातही शिशाचे दोन जाड तुकडे घालून घट्ट शिवून टाकले.

रविवारी वरचं चर्च भरलं. भरलं म्हणजे काय, दोन्हीकडची मिळून तीनचार बाकं. खालच्या चर्चचं छप्पर गळत होतं, म्हणून जागा वरची. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या होत्या आणि खाली हौदाचं पाणी दिसत होतं. पाळकांनी इतिहास वाचला. 'मतभेद उद्भवले' या वाक्यावर ते अडखळले, एक नजर टेलरबाईकडे टाकली आणि पुढे गेले. पहिल्या बाकावर काटकोन दोन्ही हात गुडघ्यांवर सारखे ठेवून बसला होता. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला धाकटी, नवा कोट घालून. टेलरबाईने त्या कोटाकडे बघितलं. खांद्याला बसला होता छान. धाकटीच्या चेहऱ्याकडे तिने बघायचं टाळलं.

पाळक हौदात उतरले. मग टेलरबाई उतरली. पायऱ्या गुळगुळीत होत्या, पाणी छातीपर्यंत आलं. डावी बाही खाली ओढत होती. पाळकांनी हळूच विचारलं, "मावशी, तयार?" तिला नाही म्हणायचं होतं. तिने मान हलवली.

पाळकांनी तिच्या पाठीला हात लावला, तेवढ्यात बाकाकडून काठी पडल्याचा आवाज आला. धाकटी उठली होती. ती हौदाच्या काठाशी आली, कठड्याला धरून वाकली आणि बुटांसकट, कोटासकट पहिल्या पायरीवर उतरली.

"आई!" तिचा मुलगा ओरडला.

"वहिनी, काय करताय?" काटकोन उभा राहिला.

धाकटीचे दात वाजत होते. दुसरी पायरी. तिसरी. कोट पाणी पिऊन जड झाला. टेलरबाईच्या मनात आलं, अस्तर गेलं. आणि मग मनात काही यायचंच थांबलं, कारण धाकटीने पाण्यात हात घालून तिचा डावा हात शोधला आणि धरला. बरोबर तसाच, चारी बोटं आवळून.

"तेव्हा हा हात मी धरला होता," धाकटी म्हणाली. आवाज आधी निघालाच नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, बाकांकडे तोंड करून. "तळ्यात. मी घाबरले होते. पाळकांच्या मागे उभी होते, कोणाला दिसले नाही. ताई पाण्याखाली गेली तरी मी सोडला नाही. म्हणून राहिला तो बाहेर."



"आत्ता सुचलं होय गं तुला?" टेलरबाई म्हणाली. तिला भयंकर राग आला होता, आणि तिने धाकटीचा हात आणखी घट्ट धरला. "एवढी वर्षं? आणि परवा म्हणे पाणीच तर आहे!"

"सुचलं नाही ताई, आत्ता धीर झाला. परवा खोटं बोलले. भीती वाटते गं मला. आत्ताही वाटते आहे. सोडू नकोस."

काटकोनने घसा साफ केला. दोरी लावल्यासारखा तो सरळ उभा होता, पण आवाज तितका सरळ नव्हता. "वहिनी, कारण काही असो. हात राहिला तो राहिलाच."

"राहिला, भाऊजी. माझ्यासाठी राहिला. तो सुटला असता तर मी तळ्यातून पळाले असते, ती थेट घरी. तुमच्या घरात आले नसते, या बाकावर बसले नसते. माझा बाप्तिस्मा तुम्ही पुरा धरता ना? मग तो कोणाच्या हातावर झाला ते बघा."

पाळक दोघींच्या मध्ये ओलेचिंब उभे होते. बिचाऱ्याला कुठल्याच पुस्तकात हे शिकवलं नव्हतं. पण इथे एकच रीत चालते, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "सभासदांनीच ठरवावं. यांचा पहिला बाप्तिस्मा पुरा झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

पहिला हात वर झाला तो हौदातून. धाकटीने उजवा हात उचलला, आणि त्या हातात टेलरबाईचा डावा हात होता, तोही वर गेला. बाहीतून पाण्याची धार लागली.

"स्वतःच्या बाबतीत स्वतःला मत देता येत नाही," काटकोन म्हणाला.

"मत माझं आहे, भाऊजी," धाकटी म्हणाली. "तिचा हात मी नुसता धरलाय."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग खालच्या मंडळीचे हात वर झाले. मग वरच्यांपैकी एका म्हातारीचा, मग तिच्या नातवाचा, मग हळूहळू, काटकोनच्या पाठीकडे बघत बघत, बाकीच्यांचे. काटकोन पुन्हा बाकावर टेकला; त्याचे हात गुडघ्यांवरच राहिले. विरोधात कोण, असं पाळकांनी विचारलं, तेव्हाही ते गुडघ्यांवरच राहिले.

"मंजूर," पाळक म्हणाले आणि शिंकले.

कपडे बदलायला घरी जायला दोघी तयार होईनात. कोणी शाल दिली, कोणी सतरंजी. तशाच ओल्या त्या पहिल्या बाकावर बसल्या, खाली पाण्याचं थारोळं. त्यांच्या अलीकडे काटकोन. पाळकांनी भाकर मोडली आणि ताट बाकाच्या टोकाशी दिलं. काटकोनने आपला तुकडा घेतला. पुढचा हात टेलरबाईचा होता. त्याने ताटाकडे बराच वेळ बघितलं. मग तिच्या हातात न देता त्याने ते दोघांच्या मधल्या जागेत बाकावर ठेवून दिलं आणि समोर बघत बसला. नाही म्हणायचं नव्हतं त्याला, आणि हो म्हणणं जमत नव्हतं.

धाकटी टेलरबाईच्या पलीकडून वाकली, ताट उचललं आणि तिच्यापुढे धरलं. टेलरबाईने हात पुढे केला. बाही ताटाच्या कडेला लागली आणि ठण्णकन आवाज झाला.

"ताई, बाहीत काय आहे?" धाकटी कुजबुजली.

"शिसं."

"बाहीत? ते कशाला?"

"हात वर राहू नये म्हणून," टेलरबाई म्हणाली. "या वेळी धरायला कोणी येईल असं वाटलं नव्हतं."

टेलरबाईने तुकडा उचलेपर्यंत धाकटीने ताट तसंच धरून ठेवलं.